हवेचा डबा

"थांबा!"

मनिषा एवढ्या मोठ्यानं ओरडली की मुनीरभाईच्या हातातला स्क्रूड्रायव्हर जागच्या जागी थबकला.

अंगणातल्या शेवग्याखाली गाडीचं बॉनेट उघडं होतं. आतून काढलेला काळा प्लास्टिकचा डबा मुनीरभाईनं दोन्ही गुडघ्यांत धरला होता. इंजिनाला लागणारी हवा आधी या डब्यात शिरते, आतल्या फिल्टरमधून गाळून निघते आणि डब्याच्या मानेतून पुढं इंजिनात जाते, एवढं त्यानं तिला मघाशी समजावलं होतं. त्या मानेपाशीच डबा चिरला होता. कधीतरी कुणीतरी चिरेवर फटी बुजवायची राखाडी लांबी थापली होती. आता ती एका कडेनं सुटली होती. गाडी चालू केली की त्या फटीतून हवा ओढली जायची, गाढ झोपलेल्या माणसाच्या नाकातून यावा तसा आवाज यायचा, आणि थोड्या वेळानं इंजिन आचके देत बंद पडायचं.

"काय झालं भाभी?"

"त्या लांबीवर बघा. अंगठा हाय."

मुनीरभाईनं डबा उजेडाकडं वळवला. लांबी ओली असताना दाबलेला अंगठा तिच्यात तसाच वाळून बसला होता. बारीक रेषासुद्धा दिसत होत्या.

"सिद्धोधनभाऊचंच काम हाय," तो आवाज खाली आणून म्हणाला. "मी बोललो व्हतो त्याला, ये टिकनेवाला नै. तर म्हणला, व्हतंय की."

मनिषाच्या तोंडावर हसू आलं आणि तिथंच थांबलं.

"नवा डबा आता ह्या गाडीचा भेटत नै," मुनीरभाई म्हणाला. "दुसऱ्या गाडीचा कापून बसवतो. हे टाकून देऊ."

"टाकू नका. राहू द्या माझ्यापाशी."

त्यानं डबा तिच्या हातात दिला, बॉनेट हळूच खाली आणलं आणि चार्ज करून आणलेली बॅटरी गाडीतच ठेवून तो गेला. शेवग्याची पांढरी फुलं पुन्हा बॉनेटवर पडू लागली. वर्षभर ती तशीच पडत होती.

सिद्धोधन गेला त्याला वर्ष होत आलं होतं. सकाळी पायरीवर चहा पीत बसला आणि तसाच भिंतीला टेकला. बशीतला चहासुद्धा सांडला नव्हता. आतून मनिषानं दोनदा हाक मारली होती, अजून पाहिजे का म्हणून.

उंच, घाईचा, हसरा माणूस. गाडी भाड्यानं चालवायचा. कुणाचं लग्न, कुणाला स्टेशन, कुणाचा दवाखाना. घरात काहीही मोडलं की हाताला लागेल त्यानं ते बांधून हा मोकळा व्हायचा. नळाला सायकलच्या ट्यूबची पट्टी. मिक्सरच्या भांड्याच्या मुठीला तांब्याची तार. खिडकीची काच वाजू नये म्हणून कुणाच्या तरी लग्नपत्रिकेची घडी. मनिषा वैतागायची. "एकदा नीट करा ना!" "व्हतंय की," तो म्हणायचा. आणि व्हायचंही, काही दिवस.

तो गेल्यावर ही सगळी ठिगळं एकेक करून सुटायला लागली. आधी नळाची पट्टी सैल झाली. मनिषानं खाली घमेलं ठेवलं. मग मूठ निघाली. ती भांडं फडक्यात धरून उचलू लागली. वाऱ्यानं काच थरथरली की ऐकत पडून राहायची. यातलं काहीच तिनं दुरुस्त केलं नाही. एखादं ठिगळ सुटलं की तिला वाटायचं, इतके दिवस तो इथं बसला होता आणि आता इथूनही उठून गेला.

ती कृषी विद्यापीठाच्या बियाणे प्रयोगशाळेत मदतनीस होती. ओल्या कागदावर बिया रांगेनं मांडायच्या, कागदाची गुंडाळी करून उबेच्या खोलीत उभी ठेवायची, आणि काही दिवसांनी ती हलक्या हातानं उलगडून बघायचं, कोण जागं झालंय. गेलं वर्षभर तिला वाटायचं की आपणही अशाच एका गुंडाळीत उभ्या आहोत. बाहेर लोक येतात, जातात, बोलतात. आपल्याला त्यांचा आवाज ओल्या कागदातून येतो.

डबा तिनं कपाटावर ठेवून दिला. तो तिथंच राहिला असता. पण त्याच आठवड्यात तानुबाईचा सांगावा आला.

तानुबाई म्हणजे सासूची थोरली बहीण. सोनपेठच्या अलीकडं, गोदाकाठच्या गावात असायची. सासू, सुलाबाई, दारातल्या बाजेवर बसून सुपारी कातरत होती. तिनं मान वर न करता सांगितलं.

"तानुबाई ये म्हणती."

"कशी हाय त्यांची तब्येत?"

"हातरुणाला खिळलीय. लय दिस काढायची न्हाई म्हणं."

"मग उद्याच जाऊ की आत्याबाई. भाड्यानं गाडी करू."

"भाड्याच्या गाडीत मला उलटी व्हती."

"एसटीनं?"

"एसटीत बी व्हती." अडकित्ता वाजला. "सिद्दूच्या गाडीत तेवढी व्हत न्हाई."

सिद्धोधनच्या गाडीतही ती ओकली होती. पोखर्णीच्या फाट्यावर गाडी थांबवून त्यानं हसत हसत पायपुसणी धुतली होती, आणि मनिषा बाटलीनं पाणी ओतत होती. दोघींनाही ते आठवत होतं.

संध्याकाळी नांदेडहून दिराचा फोन आला. नागसेन भला माणूस होता. वर्षभर दर महिन्याला येऊन गेला. आला की फाटकातूनच त्याची नजर गाडीवर पडायची आणि मग घरात शिरेपर्यंत तो जमिनीकडं बघत चालायचा.

"वैनी, पूर्णेचं एक गिऱ्हाईक हाय. रविवारी गाडी बघायला येतो म्हणायलाय. उभ्या उभ्या सडायलीय ती. तुमाला काय वाटतंय?"

"बघू भाऊजी."

"बघू म्हणजे येऊ द्यायचं ना?"

"बघू," ती पुन्हा म्हणाली. फोन ठेवल्यावर ती बाहेर आली. पडत्या उजेडात गाडी एखाद्या मोठ्या, समजूतदार जनावरासारखी बसली होती. दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत सिद्धोधननं तिला याच गाडीवर शिकवलं होतं. विद्यापीठातल्या रस्त्यांवर, दोन्ही बाजूंना ज्वारीचे प्लॉट, धुकं, आणि शेजारी बसून तो सांगायचा, "ब्रेकवर उभी राहू नको, पाय नुसता ठिव." लायसन्स हातात आलं त्या दिवशी त्यानं पेढे आणले होते. त्यानंतर ती एकटीनं कधी चालवायला बसलीच नाही. तो असताना गरज नव्हती, तो गेल्यावर गाडी चालू नव्हती.

तिनं कपाटावरचा डबा काढला.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत जेवणाच्या सुट्टीत तिनं फोनवर एक व्हिडिओ पाहिला. माणसाचे नुसते हात दिसत होते आणि तो हिंदीत सांगत होता, की हे असलं प्लास्टिक कुठल्याच लांबीला धरत नाही. त्याला त्याच्याच जातीचं प्लास्टिक लागतं. दोन्ही वितळवून एकात एक मिसळली तरच जोड धरतो. डब्याच्या बुडाशी कोणती अक्षरं आहेत ती बघा, आणि तीच अक्षरं असलेली एखादी मोडकी वस्तू शोधा.

घरी आल्यावर तिनं डबा पालथा केला, मग न्हाणीत जाऊन बादल्या पालथ्या केल्या. बूड फुटलेल्या काळ्या बादलीवर तीच अक्षरं सापडली. सिद्धोधनच्या हत्यारांच्या पेटीत रेडिओच्या तारा डागायची सोल्डरिंगची कांडी होती. आधी बादलीवरच हात बसवायचा, असं तिनं ठरवलं आणि वायर लांबवून शेवग्याखाली बसली. पहिल्यांदा टेकवताच बादलीला आरपार भोक पडलं. निळसर धूर उठला.

"काय जाळायलीस गं?" सुलाबाई बाजेवरून ओरडली. "माय वं, डोळे झोंबायलेत!"

"डबा सांधायचाय आत्याबाई. शिकायलेय."

"प्लास्टिक कुणी सांधत असतंय व्हय?" असं म्हणून सुलाबाईनं बाज वाऱ्याच्या वरच्या अंगाला ओढली, पण आत गेली नाही. तिथं बसून बघत राहिली.

दुसरं भोक पडलं. तिसऱ्या वेळी मनिषाच्या ध्यानात आलं की कांडी दाबायची नसते. नुसती ठेवायची आणि प्लास्टिक चमकू लागेपर्यंत थांबायचं. थांबणं तिला येत होतं. फुटलेली कड मऊ झाली, तिच्यात बादलीची कापलेली पट्टी वितळून मिसळली, आणि थंड झाल्यावर तिनं ओढून पाहिलं तर जोड हलला नाही.

शनिवारी दुपारी तिनं खरा डबा हातात घेतला. साबणानं धुतला, उन्हात वाळवला आणि मांडीवर घेऊन बसली. आता लांबी काढल्याशिवाय पुढं काही होणार नव्हतं. चीर तिच्याखाली होती.

तिनं त्या खोलगट खुणेत स्वतःचा अंगठा ठेवला. तो आत सैल बसला, भोवती जागा उरली. जन्मभर घाईत असलेला माणूस इथं मात्र क्षणभर टेकला असणार. लांबी धरते का, हे बघायला. कुठल्या तरी रस्त्याच्या कडेला, भाडं गाडीत बसवून, ओठांत शीळ घालत. त्या दिवशी आपण काय करत होतो, हे ती आठवू लागली, आणि साहजिकच काही आठवलं नाही. कुठलातरी दिवस असेल. आपण घरी कांदा चिरत असू.

ऊन शेवग्यातून खाली झिरपत होतं. कुठंतरी पिठाची गिरणी चालू होती आणि तिच्या घरघरीत सगळी दुपार हळूहळू डोलत होती. मनिषानं पेटीतलं पातं लांबीच्या सुटलेल्या कडेखाली सरकवलं. जोर लावायच्या आधी तिनं डोळे मिटले. पण जोर लावावाच लागला नाही. टक असा आवाज झाला आणि अख्खी लांबी, न मोडता, तिच्या तळहातावर येऊन पडली.

तिला वाटलं होतं की रडू येईल. आलं नाही. ती नुसती बघत राहिली.

"काय हाय ते? बघू," सुलाबाई म्हणाली.

मनिषानं तो तुकडा तिच्या हातावर ठेवला. सुलाबाईनं तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला. मग स्वतःचा वाळका अंगठा त्या खुणेत फिरवला.

"त्याचाच हाय," ती म्हणाली. "हाच अंगठा चोखायचा. कडुनिंबाचा पाला चोळला तरी सोडंना. कडू लागून रडायचा आन रडत रडत चोखायचा." तिनं तुकडा पुढं केला. "तुला पाहिजे का?"

"तुमीच ठिवा."

सुलाबाईनं पानाची चंची सोडली, सुपारीशेजारी तो तुकडा ठेवला आणि दोरी ओढून घेतली.

मग मनिषा कामाला लागली. चीर पुढं पळू नये म्हणून तिच्या दोन्ही टोकांना तापल्या सुईनं बारीक भोकं पाडली. चिरेच्या दोन्ही कडा पात्यानं तिरक्या तासल्या. चहाच्या मोडक्या गाळणीची जाळी कापून चिरेवर ठेवली आणि कांडीनं ती अलगद प्लास्टिकमध्ये बुडवली. वरून बादलीची पट्टी वितळवत नेली. वितळलेलं प्लास्टिक काकवीसारखं चमकायचं आणि बघता बघता मंद व्हायचं. धूर आला की ती तोंड फिरवायची, वारा धूर घेऊन जायचा, ती पुन्हा वाकायची. मध्येच तिच्या ध्यानात आलं की आपण गुणगुणतोय. कधीपासून, ते तिला सांगता आलं नसतं. सुलाबाईचा अडकित्ता वाजायचा थांबला होता.

जोड काही देखणा झाला नाही. भाजलेल्या कातडीसारखा जाडाभरडा झाला. तो थंड झाल्यावर तिनं मानेच्या तोंडावर तळहात घट्ट दाबून डब्यात पाणी भरलं आणि डबा उजेडात धरला. दोघी वाट बघत राहिल्या.

"थेंब न्हाई," सुलाबाई म्हणाली.

"न्हाई."

"मग आता त्या नळाचं बी बघ बाई. टपटप ऐकून डोस्कं उठलंय माझं."

मनिषा खळखळून हसली. तिच्या हसण्यानं कुंपणावरच्या साळुंक्या उडाल्या.

डबा आतून पुसून, एक कणही इंजिनात जाऊ नये म्हणून पुन्हा पुन्हा पुसून, पुरता वाळवून तिनं जागेवर बसवला. मान पाइपात घातली, पट्टा आवळला, क्लिपा लावल्या, मुनीरभाईनं ठेवलेली बॅटरी जोडली, बॉनेट खाली आणलं. मग ड्रायव्हरच्या दाराशी जाऊन उभी राहिली. सीट अजून पार मागं सरकवलेली होती, त्याच्या लांब पायांच्या बेतानं. ती बसली तर पाय ब्रेकला पुरेनात. बराच वेळ ती तशीच बसून राहिली. मग खाली हात घालून खटका ओढला आणि सीट पुढं घेतली.

किल्ली फिरवली. इंजिन कुरकुरलं, दुसऱ्यांदा कुरकुरलं आणि चालू झालं. तिनं ॲक्सिलरेटरवरून पाय काढला आणि कान देऊन बसली. नाकातून यावा तसा तो आवाज नव्हता. आचका नव्हता. बॉनेटवरची फुलं नुसती थरथरत होती.

उतरून तिनं दिराला फोन लावला, काही न बोलता तो बॉनेटपाशी धरला आणि मग कानाला लावला.

"वैनी? कशाचा आवाज हाय हा?"

"गाडीचा."

"मुनीरभाईनं केली?"

"मी केली."

तिनं थरथरत्या बॉनेटवर तळहात ठेवला.

"दादा सकाळी निघायच्या आधी अशीच उभी चालू ठिवायचा," नागसेन सावकाश म्हणाला. "सुट्टीत आलो की मला त्याच आवाजानं जाग यायची." मग म्हणाला, "त्या गिऱ्हाइकाला नको म्हणून सांगतो."

"सांगा."

रविवारी सकाळी त्या निघाल्या. मुनीरभाईनं येऊन चाकांत हवा भरून दिली, बॉनेट उघडून जोडावर बोट फिरवलं, म्हणाला, "खडबडीत हाय, पण मजबूत हाय," आणि पाया न पडणाऱ्या माणसानं करावा तसा सुलाबाईला सलाम केला. सुलाबाई पुढच्या सीटवर बसली. हातात उलटीसाठी प्लास्टिकची पिशवी होती.

मनिषा सावकाश चालवत होती. एसट्या हॉर्न मारून पुढं जात होत्या, मोटरसायकलवाले मागं वळून बघत होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना करडई फुलली होती, पिवळी, मधूनच भगवी. उन्हाचा मऊ धुरळा सगळीकडं पसरला होता आणि रस्ता त्यातून पुढं पुढं उलगडत होता. पोखर्णीचा फाटा आला. दोघींनी एकाच वेळी डावीकडं बघितलं. मग सुलाबाईनं हातातल्या पिशवीची बारीक घडी घातली आणि ती कमरेला खोचली.

तानुबाईचं घर गावाच्या शेवटी होतं. तिचा मुलगा जीवन दारातच उभा होता. आत बाजेवर तानुबाई एवढीशी झाली होती, गोधडीत कुणी धान्याचं गाठोडं ठेवावं तशी. सुलाबाई तिच्या उशाशी बसली आणि दोघी एकमेकींच्या तोंडावरून हात फिरवत राहिल्या.

"कशात आलीस?" तानुबाईनं विचारलं.

"सिद्दूच्या गाडीत."

"सिद्दू तर गेला की गं."

"व्हय. मनिषानं आणली."

तानुबाईनं मान वळवून मनिषाकडं बघितलं. डोळे मात्र लख्ख होते. "मला बसीव की गाडीत."

"माय, तुला बसवत तरी हाय का?" जीवन म्हणाला.

"तुला कोण इचारायलंय? मी तिला बोलायलेय. गंगा दाखीव मला. एवढी घराजवळ हाय, पण दोन वर्सं झाली बघितली न्हाई."

गोदावरीला त्या गावात सगळे गंगाच म्हणायचे. जीवननं मनिषाकडं पाहिलं. मनिषानं जाऊन मागचं दार उघडलं आणि सीटवर गोधडी अंथरली. जीवननं आईला लेकरासारखं उचलून आणलं. सुलाबाई शेजारी बसली, जीवन पुढं बसला, आणि गाडी पायी चालणाऱ्या माणसाच्या चालीनं नदीकडं निघाली. तानुबाई वाटेतलं एकेक घर ओळखत होती. काही माणसांना, जी आता नव्हती, हाका मारत होती.

काठावर पाणी दिसेल अशी गाडी उभी करून मनिषानं इंजिन बंद केलं. जीवन पुढं जाऊन एका दगडावर बसला. नदी आटत चालली होती, पण मधल्या धारेत पाणी होतं आणि त्यावर ऊन चमचमत होतं. पलीकडच्या वाळूवर बगळे उभे होते. मागच्या सीटवर दोघी बहिणी बोलत होत्या. कुणाचा परकर वाहून गेला, कुणी कुणाला ढकललं, काकडी कुणाच्या मळ्यातली होती. मनिषा बाहेर उतरून उभी होती. तिला शब्द अर्धेमुर्धेच ऐकू येत होते, आणि तेवढे पुरत होते.

हळूहळू आवाज थांबला. तिनं वळून पाहिलं. तानुबाईचं डोकं धाकट्या बहिणीच्या खांद्यावर आलं होतं, सुलाबाईचा गाल तिच्या केसांवर टेकला होता, आणि दोघींनाही झोप लागली होती.

ऊन फिरून खिडकीतून आत आलं आणि तानुबाईच्या पापण्यांवर पडलं. मनिषानं अंगावरची ओढणी काढली, दोन्ही हातांनी ताणून खिडकीसमोर धरली आणि उभी राहिली. दगडावरून जीवननं खुणेनं विचारलं, निघायचं का? तिनं मान हलवून नाही म्हटलं.

ऊन सरकत होतं, तशी तीही जरा जरा सरकत राहिली.